शिंग्याच्या तीन कॅसेटी

१९९४ च्या उन्हाळ्यात नाशिक रोडला दुपारी दोन ते चार लाइट जायची. त्या वेळी जेल रोडवरच्या 'सप्तशृंगी व्हिडिओ गेम्स'मध्ये दहा-बारा पोरं असायची, आणि लाइट गेली म्हणून त्यांतलं एकही उठून घरी जायचं नाही. ज्याचा डाव अर्धवट राहिला तो तर हातातला रिमोटही सोडायचा नाही. दुकानाचे मालक वाल्मीकराव आहेर पुठ्ठ्याने वारा घेत स्टुलावर बसायचे. पोरं म्हणायची, "काका, मग पुढं शिंग्याचं काय झालं?" आणि वाल्मीकराव सांगायला लागायचे.

शिंग्या हा त्या गेममधला वीर. डोक्यावर दोन शिंगांचा टोप, हातात आखूड तलवार. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. गेम जपानी होता, त्यातली अक्षरं जपानी होती, आणि सुरुवातीचं नावाचं पान कॅसेट बनवणाऱ्याने उडवून तिथे नुसती एक चांदणी ठेवली होती. नाशिकच्या मेन रोडवर देवराम नावाचा एक दुकानदार होता, तो या कॅसेटी आणायचा. ही कॅसेट देताना तो म्हणाला होता, "हिचे तीन भाग आहेत. हा एक नंबर. पुढचे आले की देतो." कॅसेटवर त्याने बॉलपेनने '१' लिहिलेला कागद चिकटवला होता.

वाल्मीकराव मूळचे देवळ्याकडचे. घरी कांदा. शेतीत दोन भाऊ होते, तिसऱ्याला काम उरलं नव्हतं, म्हणून ते नाशिकला येऊन बी.कॉम. झाले आणि एका पतसंस्थेत चिकटले. चार वर्षांनी पतसंस्था गुंडाळली गेली. तेव्हा त्यांनी भाड्याच्या घराची पुढची खोली रिकामी केली, दोन टीव्ही मांडले आणि गेमचा धंदा सुरू केला. त्यांची बायको सविता म्हणाली, "शिकलेला माणूस पोरं खेळवतोय." पण पोरं खेळवायला लागणारा शांतपणा वाल्मीकरावांकडे होता. ते कुणावर ओरडत नसत, आणि कुणाची पाळी कधी संपली ते त्यांना घड्याळ न बघता कळे.

गोष्ट सांगायची वेळ त्यांच्यावर धंद्यामुळेच आली. एकाची पाळी संपली की डाव जिथे असेल तिथून दुसरा पुढे खेळायचा. मग नव्याने बसणाऱ्याला सांगावं लागे की शिंग्या इथवर कसा आला, किल्ली कुणी दिली, कुठल्या दारामागे अजगर आहे. कारण पडद्यावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं. वाल्मीकराव चित्रं बघून अंदाज करायचे आणि सांगायचे. गेममध्ये एका झोपडीबाहेर एक बाई उभी असे. तिच्याजवळ गेलं की चार ओळी उमटत. पोरांनी तिचं नाव नवसाबाई ठेवलं. ती शिंग्याची मावशी आहे आणि "सांभाळून जा रे, पुलाखाली बघू नको" असं म्हणते, हे वाल्मीकरावांनी ठरवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण आली ती मोहिनीमुळे.

मोहिनी पगारे ही नोटांच्या प्रेसमधल्या लहानू पगाऱ्यांची मुलगी. त्या वेळी दहा वर्षांची होती. दुकानात येणारी ती एकटीच मुलगी. खेळायची कमी, पण सगळ्यांच्या पाळ्या मागे उभी राहून बघायची. आणि तिला सगळं लक्षात राहायचं.

"काका, मंगळवारी तुम्ही म्हणाला त्याचा डावा हात दुखावलाय. मग आज डाव्या हातात ढाल कशी?"

"पट्टी बांधली त्याने मध्ये."

"कुणी बांधली?"

"नवसाबाईने."

"ती तर नदीच्या पलीकडे राहते."

त्या रात्री वाल्मीकरावांनी दोनशे पानी लांब वही काढली, पट्टी घेतली आणि रकाने आखले: पात्र, ठिकाण, काय घडले, जिवंत की मृत, शेरा. तेव्हापासून जे काही ते पोरांना सांगत ते आधी वहीत बघून सांगत, आणि नवीन काही सांगितलं की लगेच नोंदवत. शेऱ्याच्या रकान्यात असं असे: "डावा हात बरा. नवसाबाई होडीने आली होती. कोणी विचारल्यास असे सांगावे." सविता वही चाळून म्हणाली, "पतसंस्थेत इतकं नीट लिहिलं असतं तर ती बुडाली नसती."

पण मोहिनीने एक दिवस वहीत न सापडणारा प्रश्न विचारला. पडद्यावर मजकूर उमटला होता, आणि तिने त्यावर बोट ठेवून विचारलं, "काका, हे काय लिहिलंय? तुम्हाला येतं हे वाचायला?"

पोरं सगळी त्यांच्याकडे बघत होती. वर्षभर जी गोष्ट सांगितली ती मनाची आहे, असं तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. वाल्मीकराव म्हणाले, "थोडंफार येतं. देवळालीला एक मित्र होता, त्याने शिकवलं." आणि काचेवर बोट फिरवत त्यांनी वाचून दाखवलं: "शिंग्या, किल्ला दूर आहे, पण वाट सरळ आहे." पोरांचं समाधान झालं. मोहिनीचं इतकं झालं की ती दुसऱ्या दिवसापासून एका कागदावर ती अक्षरं उतरवून घ्यायला लागली.

दुसरी कॅसेट १९९५ मध्ये आली. तिच्यात शिंग्या म्हातारा होता. पांढरी दाढी, वाकलेली पाठ. शेवटी तो कड्यावरून समुद्रात पडला आणि पडदा काळा झाला. पोरांनी त्या दिवशी पुढची पाळी मागितली नाही. एका पोराने तर दोन दिवस तोंड दाखवलं नाही. वाल्मीकरावांनी वहीत नोंद केली: "शिंग्या मृत."

मग वर्षभराने देवरामने तीन नंबरची कॅसेट दिली. ती लावली तर शिंग्या समोर उभा! पोरगेला, दाढी नाही, मिशी नाही, आणि बरोबर दोन वेण्यांची एक लहान मुलगी.

"काका, हा तर मेला होता ना?"

वाल्मीकरावांनी चार दिवस मागून घेतले. पाचव्या दिवशी लाइट गेल्यावर ते म्हणाले, "हा शिंग्या नाही. हा त्याचा मुलगा. शिंग्या पडला तेव्हा त्याचा टोप लाटेबरोबर काठाला लागला. नवसाबाईने तो कणगीत दाण्याखाली लपवून ठेवला होता. मुलगा मोठा झाल्यावर तिने त्याला दिला. आणि ही त्याची बहीण."

"शिंग्याचं लग्न कधी झालं?" मोहिनीने विचारलं.

"पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये."

"मग आम्हाला का नाही दाखवलं?"

"लग्न काय दाखवायचं? त्यात मारामारी नसते."

पोरं हसली. घरात जाताना सविता म्हणाली, "मारामारी नसते म्हणे!" पण गोष्ट जुळली. पोरांना ती आधीपेक्षाही आवडली. मोहिनीला ती दोन वेण्यांची मुलगी फार आवडायची. त्या कॅसेटच्या शेवटी मुलगी एका नावेत बसलेली असते आणि नाव पाण्यात दिसेनाशी होते. बघणाऱ्याला स्वच्छ कळत होतं की नाव बुडाली. वाल्मीकरावांनी मोहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि वाचलं: "नाव धुक्यात गेली. मुलगी सुखरूप आहे."

१९९९ मध्ये लहानू पगाऱ्यांनी प्रेसची नोकरी लवकर सोडली आणि ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले. मोहिनीही गेली. हळूहळू घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरं कमी झाली. वाल्मीकरावांनी एक टीव्ही विकला, दुसरा गेमच्या सेटसकट माळ्यावर ठेवला आणि पाटी बदलून 'सप्तशृंगी झेरॉक्स व एसटीडी' केली.

२००५ च्या मार्चमध्ये, एका बुधवारी सकाळी, पुण्याहून फोन आला.

"काका, मी मोहिनी. ओळखलं का?"

"अगं, ओळखलं म्हणजे काय! बोल, कशी आहेस? बाबा बरे आहेत?"

"मस्त आहेत. काका, मी जपानी शिकले. चार वर्षं. तिसरी परीक्षा पास झाले."

वाल्मीकरावांना आनंदच झाला. पण पुढचं ऐकता ऐकता त्यांनी फोनची वायर हाताला गुंडाळायला सुरुवात केली. पुण्यात एक जपानी कंपनी होती. तिथे अनुवादकाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. अर्जासोबत 'मी जपानीकडे कशी वळले' यावर निबंध मागितला होता. मोहिनीने चार पानांत शिंग्याची सगळी गोष्ट लिहिली होती, पहिल्या कॅसेटपासून तिसऱ्यापर्यंत.

"आणि काका, मुलाखत घेणाऱ्यांत इशिदासान म्हणून एक जपानी साहेब आहेत. त्यांनी लहानपणी हाच गेम खेळलाय! त्यांनी कळवलंय की निबंधाबद्दल त्यांना माझ्याशी सविस्तर बोलायचंय. सोमवारी आहे मुलाखत."

"अरे वा," वाल्मीकराव म्हणाले.

"मी तुमचंही लिहिलंय. माझे पहिले गुरू. तुम्ही पडद्यावरचं जपानी वाचून दाखवायचात, ते. शनिवारी येऊ का मी? एकदा सगळं तुमच्याकडून परत ऐकून जाते, म्हणजे काही चुकायला नको."

"ये," वाल्मीकराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ झेरॉक्स मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. सविताने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. तिने हातातला डबा खाली ठेवला.

"म्हणजे तिथं कुणीतरी खरी गोष्ट माहीत असलेला बसलाय."

"हो."

"आणि पोरगी त्याच्यासमोर तुमची कणगी आणि टोप सांगणार."

"मी खोटं नाही बोललो. जुळवून घेतलं," वाल्मीकराव म्हणाले.

"मग सोमवारी त्या जपान्याशी पण जुळवून घ्या. आताच्या आता फोन करून सांगा तिला."

"फोनवर कसं सांगू? चार वर्षं शिकलीय ती. समोर बसवून सांगतो."

त्यांना अजून एक आशा होती. गोष्ट मनाची असली तरी क्रम तरी बरोबर असेल, निदान एवढं तरी पोरीच्या हाती राहील. ते खात्री करायला शुक्रवारी मेन रोडला गेले. देवराम आता मोबाइलची कव्हरं विकत होता. त्याला कॅसेटी आठवल्या.

"नंबर? नंबर मीच चिकटवले होते ना."

"कशावरून चिकटवलेस?"

"कशावरून म्हणजे? तीन होत्या. एक, दोन, तीन लिहिलं."

"अरे, पण कुठली पहिली ते?"

"मुंबईहून खोक्यात आल्या. वर होती ती एक." मग वाल्मीकरावांचा चेहरा बघून तो म्हणाला, "का हो वाल्मीकशेठ? दहा वर्षांनी बदलून पाहिजे काय?"

वाल्मीकराव बसने परत आले. दत्तमंदिर स्टॉपला उतरायचं ते पुढे बिटकोला उतरले आणि तेवढं मागे चालत आले.

शनिवारी अकराला मोहिनी आली. उंच झाली होती, चष्मा लागला होता. तिने दोघांना वाकून नमस्कार केला, सविताच्या हातात बाकरवडीचा पुडा दिला आणि पर्समधून निबंधाची प्रत काढली. "काका, वही आहे ना अजून? चला, एक नंबरपासून."

वाल्मीकरावांनी वही समोर ठेवली, पण उघडली नाही.

"मोहिनी, मला जपानी येत नाही."

"विसरलात? चालेल, मी आहे ना आता."

"विसरलो नाही. कधीच येत नव्हतं. देवळालीचा मित्र वगैरे कुणी नव्हता. मी चित्रं बघून सांगायचो."

मोहिनी हसली, मग थांबली. तिने सविताकडे बघितलं. सविता म्हणाली, "अगं, कांद्याच्या गावात कुठलं आलंय जपानी?"

"मग शिंग्याचा मुलगा?"

"माझा. म्हणजे मी केलेला."

"कणगीतला टोप?"

"तोही."

"नावेतली मुलगी धुक्यात गेली ते? तुम्ही बोट ठेवून वाचलं होतं, काका. मला ते बोट आठवतंय."

उरलेलंही सांगून मोकळं व्हावं म्हणून वाल्मीकरावांनी देवरामच्या खोक्याचं सांगितलं. एक-दोन-तीन हा क्रमही कुणाला माहीत नव्हता.

मोहिनी उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात निबंध होता. वाल्मीकराव आत बसून राहिले. सविता चहा घेऊन बाहेर गेली. ती काय बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही, पण मोहिनीचा आवाज आला: "काकू, नोकरीचं एक वेळ सोडा. मी तिथं गुरू म्हणून लिहिलंय. ते विचारतील, कुठे शिकले तुमचे गुरू? मी काय सांगणार होते?"

दहा मिनिटांनी ती आत आली. डोळे पुसलेले होते.

"सेट आहे का अजून?"

"माळ्यावर आहे. टीव्ही पण."

"काढा."

वाल्मीकरावांनी स्टूल लावून सगळं उतरवलं. कॅसेटींची टोकं स्पिरिटच्या फडक्याने पुसली. पहिल्यांदा चित्र आलंच नाही, दुसऱ्यांदा नुसत्या रेघा आल्या, तिसऱ्यांदा चांदणी आली. मोहिनी खाली मांडी घालून बसली. अक्षरं उमटली तशी तिने ती वाचायला सुरुवात केली, आधी जपानीत पुटपुटत आणि मग मराठीत. वाल्मीकराव तिच्या मागे उभे होते, पोरांच्या पाळ्यांमागे ती उभी राहायची तसे.

नवसाबाई आली. चार ओळी उमटल्या. मोहिनीने वाचल्या आणि तिचा हात तोंडावर गेला.

"काय म्हणतेय?"

"काका, ती म्हणतेय, 'उडीचं बटण दाबून धरलंस तर उडी लांब जाते.'"

"बस, एवढंच?"

"'आणि खाली दाबलंस तर बसता येतं.' झालं. मावशीबिवशी कुणी नाही."

पुलाच्या पुढे एक खड्डा होता. पाच वर्षांत दोनशे पोरं तरी त्यात पडली असतील. तो चुकवायला सगळे वरच्या गुहेतून लांबचा फेरा मारायचे, आणि त्या फेऱ्यासाठी वाल्मीकरावांनी वहीत तीन पानांचं कारण लिहिलं होतं. मोहिनीने बटण दाबून धरलं. शिंग्या खड्ड्यावरून अलगद पलीकडे गेला.

"अरे देवा!" वाल्मीकराव म्हणाले. सविता दारात उभी राहून इतकी हसली की तिला चौकट धरावी लागली. मोहिनीलाही हसू आवरलं नाही.

त्यानंतर काम सोपं झालं. तिसऱ्या कॅसेटमध्ये पहिल्याच पानावर 'कथा पहिली' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती खरी पहिली. पोरगेला शिंग्या आणि त्याची बहीण तिथून सुरू होत होते. एक नंबरची होती ती दुसरी. म्हातारा शिंग्या असलेली होती ती शेवटची. मुलगाबिलगा नव्हता; तिन्हींत एकच माणूस होता, तो रीतसर म्हातारा होऊन गेला होता.

पहिल्या कथेचा शेवट यायला दुपारचे दोन वाजले. नाव पाण्यात दिसेनाशी झाली. मोहिनीने मजकूर वाचला आणि हळू आवाजात म्हणाली, "'नाव बुडाली. बहीण परत आली नाही.' असं आहे काका इथे."

"हं," वाल्मीकराव म्हणाले. त्यांना ते तेव्हाही माहीत होतं.

सविताने दोघांना जेवायला बसवलं. वाल्मीकरावांनी ताटावर बसून नुसता भात चिवडला. मोहिनी घाईने जेवली आणि शेवटची कॅसेट लावायला उठली. हिच्या सुरुवातीला मजकुराची बरीच पानं होती. पोरं ती कधी थांबून बघत नसत. बटण दाबून पुढे जात. मोहिनी वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काका, ऐका. 'पहिल्या कथेत नाव बुडाली असे सांगितले. ते सांगणारा दूर काठावर उभा होता. धुके दाट होते. त्याला नीट दिसले नाही. बहीण जिवंत आहे.'"

वाल्मीकराव स्टुलावरून उठले. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी आधी तिला बुडवली, आणि मग तिसऱ्या भागात परत आणली?"

"हो. तिसऱ्यात लागत असणार ती त्यांना."

"आणि दूर उभा होता म्हणून दिसलं नाही म्हणे! अगं, हे तर माझ्यासारखंच झालं. मी शिंग्याला मारून बसलो आणि मग मला पोरगा आणावा लागला. यांनी तर लाखो लोकांसमोर केलं हे!" ते खोलीत दोन येरझाऱ्या घालून आले. गेल्या तीन दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "सविता, ऐकलंस का? धुकं सुद्धा आहे!"

"ऐकलं. आता गाव गोळा करू नका," सविता म्हणाली. पण तीही बसली बघायला.

मोहिनीने निबंधाची प्रत पुढे ओढली आणि लाल पेनाने पहिल्या पानावर रेघ मारली. संध्याकाळपर्यंत तिने खरा क्रम आणि खरी गोष्ट वेगळ्या कागदावर लिहून काढली. शेवटी तिने विचारलं, "काका, तुमची गोष्ट कुणी केली ते सांगितलं तर चालेल? तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? माणूस वाचता न येताच वाचून दाखवायचा, असं सांगावं लागेल."

"तसंच सांग. ते विचारायच्या आत सांग."

सातच्या पुण्याच्या बसमध्ये त्यांनी तिला बसवून दिलं.

सोमवारी मुलाखत अकराला होती. वाल्मीकरावांनी सकाळचा चहा तेवढा घेतला. बारा वाजले, एक वाजला. झेरॉक्स काढताना त्यांनी एका गिऱ्हाइकाला सातबाऱ्याच्या दोनऐवजी सहा प्रती काढून दिल्या. सविताने ताट वाढलं ते तसंच झाकून ठेवावं लागलं. दोन वाजता ते म्हणाले, "नापास केलं असेल. लबाड समजले असतील तिला."

"तिला का समजतील? समजले तर तुम्हाला समजतील."

साडेतीनला फोन वाजला.

"काका, झाली निवड. दोन मेपासून रुजू व्हायचंय."

वाल्मीकरावांनी स्टूल ओढून घेतलं. "काय विचारलं? सगळं नीट सांग."

मोहिनीने सांगितलं. खुर्चीत बसल्या बसल्या तिने आधी सांगितलं की निबंधातला क्रम चूक आहे, गोष्ट बरीचशी एका माणसाच्या डोक्यातली आहे आणि त्या माणसाला जपानी येत नाही. तीन माणसं समोर होती. मधल्या बाईंनी आपल्यापुढचा निबंध तिच्याकडे फिरवून दाखवला. त्यावर जागोजाग पेन्सिलीने प्रश्नचिन्हं होती आणि 'पहिले गुरू' या शब्दांखाली दोन रेघा. त्यांना वाटलं होतं की मुलीने गेम पाहिलेलाच नाही, कुठून तरी अर्धवट उतरवून थाप मारली आहे. हे विचारून तिला परत पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. इशिदासान एकटे म्हणत होते की आधी बोलू.

"मग?"

"मग बाईंनी खोडरबर घेतलं आणि प्रश्नचिन्हं पुसली. पुसून झाल्यावर मला एका पंपाच्या माहितीपत्रकाची दोन पानं दिली अनुवादाला. त्यात एकच चूक झाली. आणि हो, इशिदासानांनी शिंग्याच्या मुलाचं काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, ते काकांनाच विचारावं लागेल."

"काहीतरी सांगायचंस ना!"

"नाही हं," मोहिनी म्हणाली. "आता कुणाचं काही मनाने सांगायचं नाही मला. लिहिलंय तेच सांगायचं, तो माझा धंदा झालाय."

फोन ठेवून वाल्मीकराव आत गेले. सविताने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता झाकलेलं ताट पुढे सरकवलं. भाकरी कडक झाली होती, भाजी गार होती. त्यांनी ती संपवली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

"कुणी आलं बाहेर तर?" सविताने विचारलं.

"थांबेल थोडं," वाल्मीकराव म्हणाले. हात धुऊन ते पुढच्या खोलीत गेले आणि भिंतीला डोकं टेकून स्टुलावरच झोपले. पाचला प्रेस सुटल्यावर तिथली माणसं झेरॉक्सला कागद घेऊन आली, तेव्हा त्यांना दोनदा हाक मारून उठवावं लागलं.